कायापालट झाला म्हणे!

परवा सकाळी चहा घेताना पेपरात 'कायापालट' हा शब्द मोजला. चार वेळा आला. एकदा बसस्थानकाचा, एकदा बागेचा, एकदा कुठल्याशा प्रभागाचा आणि चौथ्यांदा एका नटीचा (तिने केस कापले होते). मोजायची खोड जुनीच आहे. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या, लाल पेन सुटलं तरी बोटं तशीच वळवळतात.

माझा भाचा वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, मथळ्यात बसतो तो शब्द. सहा अक्षरं, दोन कॉलमात मावतो." मी म्हटलं, सहा नाही रे, पाच. का-या-पा-ल-ट. तो म्हणाला, "बघ, अजून सोपं." आणि फोन ठेवून दिला. या मुलाला मी पाचवीत बाराखडी नाही पण निदान अक्षरं मोजायला तरी शिकवलं होतं, असा माझा समज होता. असो.

पण आज लिहायला बसले ती काही भाच्यावर राग काढायला नाही. मागच्या महिन्यात माझ्या जुन्या शाळेतून फोन आला. आत्ताचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. म्हणाले, "बाई, शाळेचा कायापालट झालाय. सव्वीस जानेवारीला कोनशिला बसवायची आहे. चार ओळी तुम्हीच लिहून द्या. तुमच्याशिवाय शुद्ध मराठी कोण लिहिणार?" स्तुतीला मी अजूनही फसते. हो म्हटलं, आणि लिहायच्या आधी बघून यावं म्हणून एस.टी.ने गेले.

काय बघितलं ते पुढे सांगते. आधी शब्दाचं बघू, कारण भांडण शब्दाचं आहे.

'पालटणे' हे क्रियापद फार जुनं. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात संस्कृत 'परि + अस्' या धातूला प्राकृतात 'पलोट्ट', 'पल्लट्ट', 'पल्हत्थ' अशी रूपं होतात असं सांगून ठेवलंय. पर्यस्त म्हणजे उलटं पडलेलं, फेकलं गेलेलं. त्यातल्या 'पल्लट्ट'चं आपलं पालटणे झालं. आणि 'पालथा' हाही त्याच घरातला. म्हणजे पालथा घडा आणि पालटलेले दिवस ही सख्खी नाही तरी चुलत भावंडं. या क्रियापदाच्या पोटात उलथं होण्याची कल्पना आहे. वरचं खाली, खालचं वर. नुसता हात फिरवला की पालटलं, असं होत नाही.

आता 'बदलणे' घ्या. बदल हा अरबीतून आलेला, आणि त्यात एकाच्या जागी दुसरं असा भाव आहे. आमच्या नोकरीत तो फार परिचयाचा! बदली झाली म्हणजे मी गेले, माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या. बदली शिक्षक म्हणजे रजेवर गेलेल्याच्या जागचा. बस बदलतो, साडी बदलतो, फुटकी कपबशी दुकानातून बदलून आणतो. वस्तू जाते, दुसरी येते. शब्द परका आहे म्हणून माझं काही वाकडं नाही, सावरकरांची भाषाशुद्धी मी परीक्षेपुरती वाचली आणि 'बदल' आनंदाने वापरत राहिले. सांगायचं एवढंच की पालटण्यात वस्तू तीच राहते आणि तीच उलटीपालटी होते. म्हणून माणसाचे दिवस पालटतात. नशीब पालटतं. दिलेला शब्द माणूस पालटतो, तेव्हा शब्दही तोच आणि माणूसही तोच, पण आता त्याच्याकडे पाठ असते.

आणि मराठीने या 'पालट'चे केवढे बारकावे करून ठेवलेत ते बघा. मला तर या यादीचा फार अभिमान वाटतो. रोजच्या वरणभाताला कंटाळून एखाद्या दिवशी थालीपीठ केलं की रुचिपालट. दुखण्यातून उठलेल्या माणसाला पाचगणीला नेलं की हवापालट. माणूस तोच, फुफ्फुसंही तीच, फक्त हवा वेगळी. शेतकरी ज्वारीच्या रानात पुढच्या वेळी हरभरा टाकतो ती फेरपालट, कारण हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र परत देतात. शिवार तेच राहतं पण त्याला विश्रांती मिळते. सरकार गेलं की सत्तापालट.

आणि माझा सगळ्यात आवडता, खांदेपालट. पेपरवाले मंत्रिमंडळात फेरबदल झाले की हा शब्द वापरतात आणि बहुधा त्यांना कळतही नाही की ते किती खरं बोलून जातात. पालखीचे भोई दमले की खांदा पालटतात. अंत्ययात्रेतही वाटेत विसावा घेतात, पुढचे मागे होतात, मागचे पुढे. ओझं तेच. ज्यांनी कोणी हा शब्द राज्यकारभाराला पहिल्यांदा लावला त्यांना माझा नमस्कार.

या सगळ्या उतरंडीच्या अगदी वरच्या टोकाला कायापालट आहे. कायेचा पालट, षष्ठी तत्पुरुष. (आणि पुल्लिंगी बरं का! 'शाळेची कायापालट झाली' असं लिहिणारे लोक हिंदीतून आलेली बातमी तशीच वाढतात. हिंदीत ती 'कायापलट' स्त्रीलिंगी आहे. आपल्याकडे पालट हा पुरुष आहे, त्याला तसंच राहू द्या.) देहच दुसरा होणं म्हणजे काय, याची आपल्या जुन्या लोकांनी केवढी भयंकर कल्पना केली होती! चरकसंहितेत चिकित्सास्थानाची सुरुवातच रसायनाने होते. त्यात कुटीप्रावेशिक नावाचा प्रकार आहे. खास बांधलेल्या कुटीत, एकात एक अशा तीन कोठड्यांच्या आत, ऊन वाऱ्यापासून दूर राहायचं. सुश्रुताने सोमरसायनाचं वर्णन करताना तर सांगितलंय की दिवसामागून दिवस माणसाची कातडी सुटते, नखं, केस, दात गळतात आणि मग सगळं नवं येतं. कोणाचं तसं खरोखर झालं यावर माझा विश्वास नाही. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी पंचाहत्तरी उलटल्यावर कायाकल्प करून घेतला होता, त्याचा देशभर गाजावाजा झाला. पुढे आठ वर्षांनी तेही गेले. पण कल्पना तर बघा. दात पडायला हवेत! वेदना हव्यात! महिनोन्‌महिने अंधारात बसायला हवं!

विज्ञानाच्या बाई माझ्या शेजारच्या वर्गावर असत. त्या बेडकाचा धडा शिकवायच्या तो भिंतीतून ऐकू यायचा. पाण्यातलं ते शेपटीवालं पोर कल्ल्यांनी श्वास घेतं, शेवाळ खातं, त्याचं आतडं लांबच लांब, वेटोळी घातलेलं. मग फुफ्फुसं तयार होतात, पाय फुटतात, शेपटी शरीरातच जिरते, आणि किडे खाणाऱ्या बेडकाला शोभेल असं आतडं आखूड होतं. आतडं! बाहेरून कोणाला दिसणारही नाही अशी गोष्ट. मला वाटतं कायापालट म्हणायला निदान एवढं तरी हवं. आतडं पालटलं पाहिजे.

आता २०१५ सालचं एक उदाहरण सांगते, म्हणजे हा रोग फक्त पेपरवाल्यांना नाही हे कळेल. त्या वर्षी केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी दवाखान्यांसाठी स्वच्छतेचं बक्षीस सुरू केलं. चांगलीच गोष्ट. दवाखाना स्वच्छ असावा, कचरा नीट उचलला जावा, जंतुसंसर्ग होऊ नये, यापेक्षा मोठं काम नाही. पण बक्षिसाचं नाव काय? 'कायाकल्प'. केर काढला, फरशी पुसली, त्याला चरकाचं रसायन! त्याच वर्षाच्या १ जानेवारीला नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला, त्याच्या इंग्रजी नावातही 'ट्रान्सफॉर्मिंग' आहे. म्हणजे देशच पालटायचा, आणि तो पालटायचं काम एका कार्यालयाकडे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ५०८ रेल्वे स्थानकांच्या कामाची एकाच दिवशी पायाभरणी झाली, तेव्हा स्थानकांचा कायापालट होणार असं आपण सगळ्यांनी वाचलं. फलाटावर छप्पर घाला, जिने सरकते करा, आम्हा म्हाताऱ्यांचे आशीर्वाद घ्या. पण त्याला नूतनीकरण म्हणा ना! डागडुजी म्हणा, रंगरंगोटी म्हणा, सुधारणा म्हणा. एवढे चांगले मापाचे शब्द घरात असताना प्रत्येक वेळी पैठणीच कशाला नेसायची?

भाचा यावर काय म्हणणार ते मला माहीत आहे. "मावशी, भाषा प्रवाही असते." हे वाक्य आजकाल लोक असं फेकतात की पुढे बोलायची सोयच उरत नाही. अरे, मला शिकवतोस? 'शिक्षा' म्हणजे शिकणं होतं, मराठीत त्याची छडी झाली, आणि मी त्या छडीखाली आणि छडीवर दोन्हीकडे राहिले आहे. 'चेष्टा' म्हणजे हालचाल, प्रयत्न. आपण त्याची थट्टा केली. 'मृग' म्हणजे कोणताही पशू होता, आता हरिण उरलं. यातल्या एकाही शब्दासाठी मी अश्रू ढाळलेला नाही. पण तिथे शब्द एक अर्थ सोडून दुसऱ्या अर्थाला गेला, आणि तिथे तो नीट नांदतो आहे. कायापालटाचं तसं झालेलं नाही. जुना अर्थ अजून जिवंत आहे आणि त्याच्याच जोरावर नवा माल खपतो. 'शाळेला रंग दिला' असं ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही, 'कायापालट' म्हटलं की वाजवतात, कारण त्यांना अजून वाटतं की आत काहीतरी घडलं असेल. याला शब्दाचा प्रवास म्हणत नाहीत. वजनात मारणं म्हणतात. आमच्या गावातला एक दुकानदार तागडीच्या पारड्याखाली चिंच चिकटवायचा, तसलं.

व्याकरणाची एक गंमतही सांगून टाकते, राहवत नाही. 'पालटणे' हे उभयविध क्रियापद आहे, 'उघडणे'सारखं. 'दार उघडलं' यात दार आपोआपही उघडतं आणि कोणी उघडूही शकतं. तसंच दिवस पालटतात, आणि कोणी आपला शब्द पालटतो. पण बातम्यांत बघा कसं असतं. अमक्या पुढाऱ्यांनी कायापालट 'केला'. आणि त्याच इमारतीची दुरवस्था मात्र 'झाली'. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि सतरा वर्षांच्या निवृत्तीत मी 'अमक्यांनी दुरवस्था केली' असं वाक्य वाचलेलं नाही. दुरवस्था अकर्मक असते!

खरे पालट मी बघितले आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आमचं बिऱ्हाड नदीकडच्या पेठेत होतं. पाणी उतरल्यावर घर बघायला गेलो तर भिंत होती पण खोली नव्हती. आईची शिवणाची पेटी चिखलात सापडली, तिच्यात दोऱ्याची रिळं भिजून एकमेकांना चिकटलेली. नंतर पूरग्रस्तांच्या वसाहतीत आमची सोय झाली. आई पुढे चाळीस वर्षं कुठल्याही गोष्टीची तारीख 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' अशी सांगे. तिने 'कायापालट' हा शब्द कधी वापरलेला मला आठवत नाही. ती म्हणे, "दिवस पालटले." तिसरा शब्द नाही.

आणि चांगला पालट बघायचा तर हिवरे बाजारला जा. निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल गेली होती. १९९० च्या सुमाराला पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं) ते गाव दुष्काळी, लोक पोटासाठी बाहेर गेलेले. गावाने काय केलं, तर चराई बंद, कुऱ्हाड बंद, दारू बंद, श्रमदानाने डोंगराला चर. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायची. सगळ्यात जास्त मला काय पटलं, तर त्यातल्या निम्म्या गोष्टी 'नाही करायच्या' आहेत. गेलेली कुटुंबं परत आली. इथे मी पालट हा शब्द वापरायला तयार आहे, आणि काया हाही. पण तिथे पहिल्या वर्षी फोटो काढण्यासारखं काय दिसलं असेल? डोंगरात खणलेले चर!

तर आता शाळा. एस.टी. थेट दारात थांबते. फाटक नवं, त्यावर कमान. दर्शनी भिंतीवर आगगाडीचा डबा रंगवलाय, वर्गाची दारं ही डब्याची दारं. छान दिसतं, मुलांना मजा वाटत असेल. एका खोलीत मोठा पडदा, त्यावर प्लास्टिक पांघरलेलं, कारण चालवणारे शिक्षक दुसऱ्या शाळेत समायोजनात गेले. ही खोली कुठली म्हणून बघते तर आमचं ग्रंथालय. पुस्तकं कुठे गेली? जिन्याखाली सात गोण्या होत्या. एक गोणी उघडून बघितली तर वरच दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा खंड. हे खंड मी शिपाईमामांच्या मदतीने रद्दीवाल्याच्या तोंडून सोडवून आणले होते, त्याला आता तीस वर्षं होतील. आठवीची दुसरी तुकडी बंद झाली आहे. मुख्याध्यापक खाली मान घालून म्हणाले, "पट नाही बाई." मी काही बोलले नाही. त्यांचा दोष नाही, त्यांच्या स्वतःच्या मुली इंग्रजी शाळेत जातात हे मला माहीत होतं आणि ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

मग ते म्हणाले, "बाई, मागचं बघितलंत का?" मागे नेलं. मुलींसाठी स्वच्छतागृहं. सहा. आतून कडी, छताशी टाकी, नळाला पाणी. मी स्वतः नळ सोडून बघितला.

हे तुम्हाला, म्हणजे विशेषतः माझ्या पुरुष वाचकांना, कसं सांगू? १९७३ साली मी तिथे रुजू झाले तेव्हा मुलींसाठी आणि आम्हा तिघी शिक्षिकांसाठी एक पत्र्याचा आडोसा होता. आम्ही सकाळी निघताना चहा पीत नसू, शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नसू. हजेरीपटावर सातवी-आठवीच्या मुलींपुढे दर महिन्याला तीन-चार दिवसांचे गैरहजेरीचे फुल्यांचे पट्टे असत, आणि आठवीच्या पुढे एकेक नावच गळत जाई. कारणाच्या रकान्यात आम्ही 'घरकाम' लिहीत असू. मी स्वतः लिहिलंय, माझ्या सुवाच्य अक्षरात. त्या नळाखाली हात धरून मी जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन, कारण मुख्याध्यापकांनी "बाई, बरं वाटतंय ना?" असं विचारलं.

घरी येऊन मी चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत, मुलींसाठी पाण्याच्या सोयीसह सहा स्वच्छतागृहं. दुसरीत छत आणि भिंतींची दुरुस्ती, तिसरीत रंगकाम, चौथीत साल आणि देणगीदार. शेवटी पत्रात वेगळं लिहिलं, की कायापालट हा शब्द घालायचाच असेल तर तो फक्त पहिल्या ओळीला लावा, आणि गोण्या जिन्याखालून काढा.

आठवड्याने संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा फोन आला. अतिशय अदबीने बोलले. "बाई, तुमचा मजकूर उत्तमच आहे. फक्त स्वच्छतागृह हा शब्द कोनशिलेवर बरा दिसत नाही. पाहुणे येणार, फोटो निघणार. आपण सरळ 'शाळेचा कायापालट' एवढंच ठेवू या का? त्यात सगळं आलं."

त्यात सगळं आलं!

मी म्हटलं, माझं नाव घालू नका. त्यांनी घातलं नाही, कोनशिला त्यांच्या मजकुरासह बसली. सूनबाईंचं म्हणणं, एका शब्दासाठी एवढं ताणायला नको होतं, लोक आदराने बोलावत होते. असेल. धाकटी नात मात्र सगळं ऐकून म्हणाली, "आजी, पण नळ चालू आहे ना?" चालू आहे. मी मुख्याध्यापकांना दर पंधरवड्याला फोन करून विचारते. गोण्यांचंही विचारते. तीन उघडल्यात म्हणाले, चार बाकी आहेत.

ता. क. — सोलापूरच्या वन्सं, तुमच्या सासूबाई 'पालट' घालून आणखी एक शब्द म्हणत असत, जावयाच्या स्वभावावरून. माझ्या अगदी ओठांवर आहे आणि आठवत नाही. तुम्हाला आठवला तर लगेच कळवा, दोन रात्री झोप लागलेली नाही.